कांदा रानात, भाव दिल्लीत

८ डिसेंबर २०२३ चा शुक्रवार. सकाळी सव्वासातला नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझ्या सजेतले एक शेतकरी, येवला तालुक्याच्या पूर्व भागातले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नुसतेच नाना.

"भाऊसाहेब, बातमी ऐकली का?"

मी अजून चहाही घेतला नव्हता. आदल्या रात्री केंद्र सरकारने अधिसूचना काढली होती, ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद. त्या दिवशी बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग रोखला, हे सगळे पेपरात आलेच आहे. पेपरात न आलेली गोष्ट अशी, की नानांचा दोन एकर लाल कांदा त्या सकाळी रानातच उभा होता आणि तो तिथे माझ्या सल्ल्यामुळे उभा होता.

आठवडाभर आधी नानांनी विचारले होते, "काढू का? बाजार तीन हजारांच्या वर आहे." मी वाफ्यात बसून चार कांदे उपटून पाहिले. मान जाड, रंग कच्चा, गोल्टी जास्त. मी म्हणालो, "आणखी आठ-दहा दिवस जाऊ द्या, माल पोसेल." पीकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे मी चूक बोललो नव्हतो. आठ दिवसांत माल पोसलाही. पण बाजार निम्म्याच्याही खाली आला.

त्या हंगामाचा हिशेब नानांच्या वहीत आहे, तो त्यांच्या परवानगीने देतो. २०२३ चा ऑगस्ट शंभराहून अधिक वर्षांत सगळ्यात कोरडा गेला. जुलैत उळे टाकले होते, पण लागवड सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यावर गेली. ऑक्टोबरअखेर येवला तालुका दुष्काळी जाहीर झाला. नानांनी शेवटची दोन पाणी टँकरने दिली. रोप, मजुरी, खत, औषध, टँकर, काढणी, वाहतूक धरून दोन एकरांचा खर्च १ लाख ६० हजार. निघाला ९२ क्विंटल. सरासरी १,२५० रुपयांनी गेला, म्हणजे १ लाख १५ हजार. खिशातून गेले ४५ हजार. आठ दिवस आधी, थोडा कच्चा, ८० क्विंटल जरी निघाला असता आणि तीन हजारांनी गेला असता, तर २ लाख ४० हजार आले असते.

नानांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. ते जास्त लागले. तेव्हापासून मी पीक पाहायला जातो तेव्हा बाजार आणि सरकारी हुकूम दोन्ही विचारून जातो. पदविकेला आम्हाला कांद्याचे करपा, फुलकिडे, नत्राची मात्रा सगळे शिकवले. निर्यात शुल्क म्हणजे काय हे कुणी शिकवले नाही. ते या भागातले शेतकरी, व्यापारी आणि बाजार समितीतले कारकून यांच्याकडून शिकलो. त्यातले जे समजले ते इथे मांडतो.

तीन हत्यारे, एकच नेम

शहरात कांदा महाग झाला की दिल्लीत धावपळ होते. ती आजची नाही. १९९८ साली कांदा महागला आणि त्याच नोव्हेंबरात दिल्ली राज्यातले सरकार निवडणुकीत गेले. त्या दिवसापासून कोणत्याही पक्षाचे सरकार असो, कांदा वर गेला की त्याची झोप उडते. भाव खाली आणायला सरकारकडे निर्यातीची तीन हत्यारे आहेत: किमान निर्यात मूल्य, निर्यात शुल्क आणि थेट बंदी.

किमान निर्यात मूल्य म्हणजे अमुक डॉलरच्या खाली टन विकायचा नाही, असा हुकूम. शुल्क म्हणजे परदेशात विकलेल्या मालावर सरकारला द्यायचा कर. आता एक उदाहरण घेऊ. ४ मे २०२४ ला बंदी उठली. पेढे वाटले गेले. पण त्याच हुकुमात टनाला ५५० डॉलर किमान मूल्य होते आणि वर ४० टक्के शुल्क. तेव्हा डॉलर साधारण ८३ रुपयांचा. म्हणजे किलोला ४६ रुपयांच्या आसपास किमान मूल्य, त्यावर ४० टक्के, झाले ६४ रुपये. त्या वेळी आपल्याकडे शेतकऱ्याच्या हातात किलोला पंधरा-वीस रुपये पडत होते. दुबईचा किंवा मलेशियाचा खरेदीदार ६४ रुपयांनी आपला कांदा कशाला घेईल? त्याला पाकिस्तानचा आहे, इजिप्तचा आहे. दार उघडे होते, पण उंबरा कमरेइतका उंच होता.

पुष्कळ जणांना वाटते शुल्क व्यापारी भरतो. भरतो तो, पण स्वतःच्या खिशातून नाही. परदेशातला भाव तिथले गिऱ्हाईक ठरवते. त्यातून शुल्क, भाडे, पॅकिंग, घट वजा करून जे उरते त्यावर व्यापारी लिलावात बोली लावतो. मधले काहीही वाढले की कात्री खालच्या टोकाला लागते. खालच्या टोकाला आपली ट्रॉली उभी असते.

गेल्या काही वर्षांतले हुकूम एका ओळीत लावून पाहिले तर डोके गरगरते. सप्टेंबर २०१९ मध्ये आधी ८५० डॉलर किमान मूल्य, पंधरा दिवसांत बंदी. मार्च २०२० मध्ये बंदी उठली. जूनमध्ये वटहुकूम काढून कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या नेहमीच्या यादीतून बाहेर काढला, शेतकरी मोकळा झाला असे सांगितले. आणि १४ सप्टेंबरला पुन्हा निर्यातबंदी! बांगलादेशच्या सीमेवर भरलेल्या गाड्या उभ्या राहिल्या. १ जानेवारी २०२१ ला बंदी उठली. मग १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर ८०० डॉलर किमान मूल्य, डिसेंबरात बंदी, मार्चमध्ये मुदतवाढ, मेमध्ये वर सांगितलेली अर्धी सूट. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढले, शुल्क २० टक्क्यांवर आणले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य.

यात एक गोष्ट पाहा. हुकूम बहुधा ऑगस्ट ते डिसेंबर या काळात येतात. उन्हाळ कांदा चाळीत संपत आलेला असतो, लाल कांदा अजून पुरेसा आलेला नसतो, शहरात भाव चढतात आणि सणवार तोंडावर असतात. म्हणून हुकमाचा फटका बसतो तो चाळीतल्या शेवटच्या कांद्याला आणि रानातल्या पहिल्या लाल कांद्याला. चाळीतला माणूस निदान आठवडा-दोन आठवडे थांबू शकतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो टिकत नाही, उपटला की विकावाच लागतो. नाना या दुसऱ्या रांगेत उभे होते.

गिऱ्हाईक शिकले

बंदी उठली की जुने गिऱ्हाईक परत येते, असा आपला समज आहे. इथेच मोठी चूक होते, आणि शासनाचीही होते असे माझे मत आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. भर सभेत त्या हिंदीत म्हणाल्या, की अचानक कांदा बंद केला, मी स्वयंपाक्याला सांगितले आता कांद्याशिवायच कर. निदान आधी कळवले असते तर दुसरीकडून आणला असता. लोक हसले. पण ती तक्रार खरी होती. आपला सगळ्यात मोठा खरेदीदार सांगत होता, की तुमच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बंदी झाली. त्यानंतर २०२३ मध्ये पुन्हा. दर वेळी आपले दुकान बंद झाले की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेले, आणि काहींनी आपापल्या घरीच दुकान थाटले. बांगलादेशने स्वतःचे कांदा उत्पादन वाढवले आणि घरचा कांदा बाजारात असताना आयातीचे परवाने रोखून धरायला सुरुवात केली. आपण आपल्या शहरातल्या गिऱ्हाईकासाठी निर्यात थांबवतो, ते त्यांच्या शेतकऱ्यासाठी आयात थांबवतात.

म्हणून २०२५ साली काय झाले ते आठवा. शुल्क शून्य, किमान मूल्य नाही, बंदी नाही. जे मागत होतो ते सगळे मिळाले. आणि उन्हाळ कांदा वर्षभर हजार ते पंधराशेत रखडला. २०२४ च्या दिवाळीत चार-पाच हजारांचा भाव पाहून सगळ्यांनी क्षेत्र वाढवले होते. आपणच नव्हे, मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान सगळ्यांनी. मध्य प्रदेश आता महाराष्ट्राच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकाला आहे. राजस्थानात अलवरकडचा खरीप कांदा आपल्या लाल कांद्याच्या तोंडावर दिल्लीत उतरतो. नाशिकचा कांदा नाही आला तर दिल्ली उपाशी, हे दिवस गेले. लासलगावचा भाव आजही देश विचारतो, पण विचारतो आणि इंदूरलाही फोन लावतो.

सरकारी खरेदीबद्दलही दोन शब्द. नाफेड आणि एनसीसीएफ केंद्राच्या भाव स्थिरीकरण निधीतून कांदा घेतात. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्क लावल्यावर असंतोष झाला तेव्हा २,४१० रुपये क्विंटलने जादा दोन लाख टन घेण्याची घोषणा झाली. ज्यांचा गेला त्यांना आधार मिळाला, यात शंका नाही. पण हा साठा शेतकऱ्यासाठी आहे की गिऱ्हाईकासाठी, हे साठा बाहेर निघतो तेव्हा कळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाव चढला असताना खास रेल्वेगाडी भरून १,६०० टन कांदा नाशिक जिल्ह्यातून दिल्लीला गेला आणि तिथे ३५ रुपये किलोने विकला. शहरातल्या माणसालाही पोट आहे, त्याला नावे ठेवत नाही. पण आपला हिशेब करताना हे धरून चालावे, की भाव चढला की आपलाच विकलेला कांदा आपल्या समोर उभा राहणार.

नानांची वही

डिसेंबर २०२३ नंतर नानांनी काय केले ते सांगतो, कारण गावातल्या पुष्कळांनी थोड्याफार फरकाने तेच केले.

पहिली गोष्ट, लाल कांदा दोन एकरांवरून पाऊण एकरावर आणला. सोडला नाही. "सोडला आन् त्याच साली पाच हजार झाला तर घरात बसून हात चोळायचे," असे त्यांचे म्हणणे. उरलेल्या रानात मका. आता मक्याचीही गंमत पाहा. डिसेंबर २०२३ मध्येच, कांद्यावर बंदी आली त्याच आठवड्यात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधन घातले. साखर कमी पडेल ही भीती. मग इथेनॉलवाले मक्याकडे वळले. त्या इथेनॉल वर्षात देशात सगळ्यात जास्त इथेनॉल मक्यापासून झाले. म्हणजे उसावरच्या हुकुमाने आमच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या मक्याला गिऱ्हाईक मिळाले. कोंबडीखाद्यवाले आणि इथेनॉलवाले एकाच पोत्यावर बोली लावू लागले. २०२४ मध्ये नानांचा मका बावीसशेने गेला, हमीभाव होता २,२२५. सोयाबीनवाले शेजारी हमीभावाच्या आठशे-नऊशे रुपये खाली विकत होते, त्या मानाने बरे.

पण लगेच सगळे मक्यामागे धावले. २०२५ च्या खरिपात मक्याचा पेरा वाढला, हमीभाव २,४०० झाला आणि हिवाळ्यात खुल्या बाजारात मका हमीभावाच्या बराच खाली गेला. नानांचा ओलसर मका सोळाशेने गेला. एक सांगतो, ज्यांनी तो १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला त्यांना थोडे बरे मिळाले. मका कापून ट्रॉलीत घालून तसाच बाजारात न्यायची सवय आपण सोडायला हवी. खळ्यावर चार दिवस ऊन द्यायला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट चाळ. नानांकडे आधी जुनी, जमिनीलगतची, रुंद चाळ होती. तिला चाळ म्हणणे म्हणजे गोठ्याला वाडा म्हणण्यासारखे. दर साली चार महिन्यांत शंभरातले पस्तीस क्विंटल सड, मोड आणि वजनघटीत जायचे. म्हणजे भाव पस्तीस टक्के चढला तरी पदरात शून्यापेक्षा कमी. २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी २५ टनांची नवी बांधली. त्या वेळी टनाला ३,५०० रुपये अनुदान होते. तळ जमिनीपासून दोन फूट उंच, खालून हवा खेळती, एका पाखीची रुंदी चार फुटांच्या आत, थर पाच फुटांच्या वर नाही. एक पाखी चाळ उत्तर-दक्षिण, दुपाखी पूर्व-पश्चिम. हे आकडे मी गावात इतक्यांदा सांगितलेत की पोरे माझी नक्कल करतात. करू देत. पाच फुटांचा थर सात फुटांवर गेला की खालचा कांदा दबतो, तिथून सड सुरू होते, आणि ती दिसत नाही, वासाने कळते, तेव्हा उशीर झालेला असतो.

चाळीत टिकणारा कांदा मात्र रानातच तयार होतो. लागवडीला साठ दिवस झाल्यावर युरिया नको. काढणीच्या आधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की काढा, पातीने झाकून तीन-चार दिवस रानात सुकवा, इंच-दीड इंच मान ठेवून पात कापा आणि सावलीत दहा-बारा दिवस ठेवून मगच चाळीत भरा. जोडकांदा, डेंगळा आलेला, कापलेला, चिंगळी आधीच बाजूला. बियाणे टिकाऊ वाणाचे असावे. राजगुरुनगरच्या संशोधन केंद्राचा भीमा किरण किंवा भीमा शक्ती, नाहीतर आपल्या पिंपळगाव बसवंतचा जुना एन-२-४-१. नाना घरचेच बी धरतात, डोंगळे निवडून, लाल कांद्याच्या डोंगळ्यांपासून लांब. बियाण्याच्या दुकानात गेलेले पैसे आणि नंतर निघालेली भेसळ यांचा अनुभव त्यांनी एकदा घेतला आहे, त्या दुकानाचे नाव सांगत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे वहीतले तीन रकाने. उन्हाळ कांद्याचे तीन भाग. पहिला भाग निघाल्याबरोबर विकायचा. सोसायटीचे, खतवाल्याचे, मजुरांचे देणे त्यातून. दुसरा जुलै-ऑगस्टात. तिसरा दिवाळीच्या आधीपर्यंत. मी ही कल्पना सांगितली तेव्हा नाना हसले होते, "म्हणजे तीनदा चुकायचं." २०२४ साली पहिला भाग १,४०० ने गेला, दुसरा २,७०० ने, तिसरा ४,३०० ने. गावात नानांचे नाव झाले. २०२५ साली पहिला १,०५०, दुसरा १,३५० आणि तिसरा, ज्यात नव्या चाळीतही पाचवा हिस्सा सडला, तो हजाराने. त्या साली ज्याने जुलैतच सगळा काढून टाकला तो शहाणा ठरला. तेव्हा तीन रकाने ही काही जादू नाही. सगळा माल एकाच हुकुमाखाली सापडू नये, एवढेच त्याचे काम. डिसेंबर २०२३ सारखा ४५ हजारांचा खड्डा मात्र नानांना त्यानंतर पडलेला नाही.

आणखी एक बदल, जो वहीत नाही. नानांचा मुलगा आता रोज संध्याकाळी लासलगाव, पिंपळगाव, विंचूर आणि येवला अशा चार ठिकाणचा भाव लिहून ठेवतो. किमान, कमाल नव्हे, सरासरी. गावात पारावर जो भाव सांगितला जातो तो नेहमी कमाल असतो, एका ट्रॉलीला मिळालेला. त्या एका ट्रॉलीवर शंभर जण लागवडीचा निर्णय घेतात.

सातबारावर कांदा दिसला पाहिजे

आता हे गावातल्या आम्हा नोकरदार मंडळींसाठी. आमच्या पाट्या मधल्या काळात बदलल्या. तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी, मी कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी. गावात अजून सगळे भाऊसाहेबच. पाटी कोणतीही असो, एक काम आपल्या हातात आहे आणि त्याची किंमत २०२३ मध्ये कळली.

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लेट खरीप, म्हणजे रांगडा कांदा मातीमोल झाला. काही ठिकाणी ट्रॉलीचे भाडे सुटेना. राज्य शासनाने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. अट होती, सातबारावर ई-पीक पाहणीत कांद्याची नोंद हवी. आणि निम्म्या गावाच्या सातबारावर कांदाच नव्हता. कुणाकडे साधा फोन, कुणाला रेंज नाही, कुणी मुलाला सांगितले आणि मुलाने "नंतर करू" म्हटले, कुणाच्या उताऱ्यावर मागल्या सालची बाजरी तशीच. नंतर गावपातळीवर पडताळणीची सोय झाली. पण मार्चमध्ये निघालेल्या कांद्याची पडताळणी उन्हाळ्यात करायची म्हणजे काय? रानात नांगरट झालेली. आम्ही ढेकळांवर उभे राहून कांद्याच्या वाळक्या सालींची खूण शोधत होतो.

एका बाईंची गोष्ट विसरत नाही. सातबारा त्यांच्या नावे, बाजार समितीची पट्टी मुलाच्या नावे, नोंद कुणाच्याच नावे नाही. कांदा १२० क्विंटल. हिशेबाने ४२ हजार रुपये. प्रतिज्ञापत्र, नकला, तालुक्याच्या चार चकरा. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, कांदा मी निंदला, मी काढला, मी भरला. कागदावरच तेवढी मी नाही." पैसे शेवटी मिळाले, पण उशिराने, आणि सावकाराचे व्याज तोवर चालूच होते.

म्हणून माझी विनंती आहे. पीक पाहणीची मुदत सुरू झाली की ग्रामपंचायतीने दवंडी द्यावी, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून गप्प बसू नये. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी शाळेतल्या मोठ्या पोरांना घेऊन दोन दिवस शिवार फिरावे. लाल, रांगडा आणि उन्हाळ या तिन्हींची नोंद त्या त्या हंगामात झाली पाहिजे. पट्टी ज्याच्या नावे फाडायची त्याचेच नाव उताऱ्यावर आहे का, हे लिलावाच्या आधी पाहा. नंतर पाहून उपयोग नाही. आणि भावांनो, बहिणीचे किंवा आईचे नाव उताऱ्यावर असेल तर पट्टीही तिच्या नावे करायला लाज कसली?

याच नोंदीवरून सरकारला कळते की देशात यंदा कांदा किती. नोंद कमी झाली तर दिल्लीला वाटते माल कमी आहे, आणि मग घाईघाईने हुकूम निघतो. आकडे चुकल्यामुळेच सगळे घडते असे मी म्हणत नाही. निवडणुकाही असतात. पण खोट्या नोंदीचा दोष आपल्याकडे राहू नये.

यंदाचे उळे

परवा नानांकडे गेलो होतो. ओट्यावर बसलो. चहा झाला. नाना म्हणाले, "लाल कांद्याचं उळं टाकायचं म्हणतोय. टाकू का?"

पूर्वी मी लगेच हो किंवा नाही म्हणालो असतो. आता विचारले, "किती?"

"पाऊण एकराला पुरंल एवढंच. तीन किलो."

"खर्च किती धरलाय?"

नानांनी वही काढली. एकरी ७० हजार, म्हणजे पाऊण एकराला साडेबावन्न. चांगला पिकला तर ५० क्विंटल. म्हणजे क्विंटलला हजार-पन्नास रुपये घरात पडणार. "दीड हजारानं गेला तरी हातात वीस-बावीस हजार. हजारानं गेला तर मजुरी अंगावर. बंदी आली तर..." त्यांनी पुढचा रकाना कोराच ठेवला होता.

मी म्हणालो, लागवड दोन टप्प्यांत करू, पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने, म्हणजे सगळा कांदा एकाच आठवड्यात निघणार नाही. आणि या वेळी पोसायची वाट किती पाहायची ते रानात बसून दोघे मिळून ठरवू, बाजाराचे सात दिवसांचे भाव समोर ठेवून. नानांनी मान डोलावली. मग आतून सूनबाईंनी हाक मारली, चाळीच्या मधल्या कप्प्यातून वास येतोय म्हणून. आम्ही दोघे उठलो. खालच्या थराला काजळी धरली होती. गावात मजूर मिळेना, म्हणून घरची चार माणसे आणि मी, संध्याकाळपर्यंत कांदा चाळत बसलो. चांगला निघाला तो दुसऱ्या दिवशी पहाटे येवल्याच्या लिलावाला गेला.